डबा आणि दोरी

१४ जुलै १९५९, मंगळवार

डबा भरला. झाकण बसेना, तेव्हा कुंतीने वरून फडकं बांधलं आणि देवांच्या मागे परत सरकवून ठेवला. बिस्किटांचा डबा तो, आत घरासाठी साठवलेल्या नोटा. वर इंग्लंडच्या राजाचं चित्र होतं, आता नुसतं नाक उरलंय.

चौदा वर्षं हा दिवस यावा म्हणून पोटाला चिमटे घेतले. आला, तर आनंद नाही. आजवर माझ्याकडे सगळ्याला एक उत्तर होतं — डबा भरू दे. निर्मलाचे बूट? डबा भरू दे. मागच्या भिंतीला वाळवी? डबा भरू दे. ते उत्तर आज संपलं.

पंचेचाळीसच्या वादळात बाबा पत्रा बांधायला बाहेर गेले. सुटलेला पत्रा मानेवर बसला. तेव्हापासून वारा सुटला की आई कमरेला दोरी बांधून घेते, दुसरं टोक खाटेच्या पायाला. घायपाताची, बाबांनी वळलेली दोरी. शेजारीपाजारी हसतात. मला हसू येत नाही. डबा त्याच वर्षी सुरू केला. आईचं एकच मागणं: "एकदा वारा भिंतीच्या आतून ऐकायचाय रे, सिमेंटच्या. मग गेले तरी चालेल."

हे मराठीत लिहितोय, कारण या बेटावरच्या साखर कारखान्याच्या काट्यावर, जिथे मी उसाच्या गाड्या तोलून घेतो, तिथे हे अक्षर कोणालाच येत नाही. बायकोला, कुंतीला, वाचता येत नाही. पोरगी निर्मला अकरा वर्षांची, शाळेत फ्रेंच गिरवते आणि मराठीच्या वर्गाला पाठवली की खिडकीबाहेर बघत बसते. तेव्हा ही वही माझी एकट्याची.

१६ जुलै, आषाढी एकादशी

आंत्वान गवंडी सकाळीच दारात. हातातलं काम संपलं, सोमवारपासून मोकळा. शिवाय माहेबूरला एका कंत्राटदाराकडे वीस गोणी सिमेंट उरलंय, निम्म्या भावात. डब्यातून पहिल्यांदा नोटा काढल्या. दोनदा मोजल्या, लाज वाटली. दुपारी गोणी ओसरीवर येऊन पडल्या. आई त्यांच्याभोवती फिरली, एकेकीवर हात ठेवून बघितला.

संध्याकाळी देवळात राधाकृष्ण गुरुजींकडे मुहूर्त विचारायला गेलो. मुंबईहून बोटीने येणारं पंचांग त्यांनी उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, "गोवर्धन, अरे आज देव झोपले. चातुर्मास लागला. आता कार्तिकीपर्यंत पाया नाही."

घरी सांगितलं तर आईचा चेहरा पडला. पण पहिली बोलली तीच. "माझ्या सासऱ्यानं चातुर्मासात भिंतीला खुंटी मारली नाही कधी. चौदा वर्षं थांबलो, चार महिन्यांनी काय होतंय?"

कुंती उपासाची रताळी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आकाश कोरडं आहे. गवंडी मोकळा आहे. सिमेंट दारात आहे. देव झोपलेत तर आवाज न करता बांधा."

मी ओरडलो तिच्यावर. बायकांना शास्त्र कळत नाही, तुझ्या माहेरी गुडलँड्सला काय चालतं ते इथे रोझ बेलला चालायचं नाही, वगैरे. आता लिहिताना खरं लिहितो. मला हायसं वाटलं होतं. चार महिने काही ठरवायला नको.

१७ जुलै

आंत्वानला नाही म्हणून सांगितलं. तो खांदे उडवून म्हणाला, "सिमां पा आतान, मिसिए." सिमेंट वाट बघत नाही म्हणे. बघेल की. मी नाही का बघितली?

३० ऑगस्ट, रविवार

भरलेला डबा लपत नाही. आज धाकटा भाऊ नंदलाल आला. रोझ हिलला कोणा चिन्याची जुनी लॉरी विकायला आहे. ऊस वाहायचा, दोन हंगामांत पैसे दुप्पट. "दादा, पैसा डब्यात ठेवून अंडी घालतो काय?"

"घराचे आहेत," म्हटलं.

"घर कुठंय? मला तर गोणीच दिसतात."

जेवून गेला, पण तोंड फिरवून गेला. एकाच आईची दोन पोरं. त्याला उडी मारायची घाई आणि मला पाय उचलायची भीती. लॉरी घ्यावी असंही क्षणभर वाटलं. मग वाटलं, नको. मग वाटलं, का नको? अर्धी रात्र असंच.

९ सप्टेंबर

गणपती गेले. घरात दोन दिवस माणसंच माणसं, आणि आरती झाली की विषय एकच — गोवर्धनच्या डब्याचं काय करावं. एक म्हणाला, पोरीला सोनं कर. दुसरा म्हणाला, ऊस लावायला जमीन घे, बो बासें शहरातले लोक जमिनीवर टपून बसलेत. तिसरा म्हणाला, बँकेत टाक. त्यावर आई म्हणाली, बँकेत टाकलेला पैसा आपला राहत नाही, साहेबाचा होतो. मी सगळ्यांना हो म्हटलं. माझा स्वभावच तो. हो म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही.

कोणाच्या घरी मोदक खायला गेलं तर कोणी त्यांचा पैसा मोजतं का?

निर्मला मात्र पाटीवर घर काढत होती. एक खिडकी, तिच्यापुढे खाट, खाटेवर आजी. आजीच्या कमरेला दोरी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "पापा, सिमेंटच्या घरात कशाला लागेल?"

१२ नोव्हेंबर, गुरुवार

काल कार्तिकी झाली. देव उठले. आज गोणी उघडल्या.

दगड. पहिली दगड, दुसरी दगड. चार महिन्यांची समुद्राची दमट हवा प्यायलेलं सिमेंट गोणीच्या आकाराचं होऊन बसलंय. वीस गोणींपैकी तीनच कामाच्या निघाल्या. घण घालून फोडायचा प्रयत्न केला आणि रडू फुटलं — भर ओसरीवर, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. आईने बघितलं आणि आत गेली.

कुंतीने त्या दगडांपैकी दोन उचलून मोरीपाशी कपडे धुवायला मांडले. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर

आंत्वान दुसऱ्या कामावर गेलाय. नाताळ आणि नवं वर्ष होईपर्यंत तो काय, कोणीच गवंडी येत नाही. त्यानंतर गुरुजी म्हणतात पौष, पौषात आरंभ नको. माघातला मुहूर्त धरलाय, ५ फेब्रुवारी. आई मान हलवते. कुंती आता मला काही विचारत नाही.

२० जानेवारी १९६०

आलिक्स नावाचं वादळ येऊन गेलं. वादळांना बायकांची नावं का देतात कोणास ठाऊक. स्वयंपाकघराचा पत्रा उडाला, पपईची झाडं झोपली. आई रात्रभर दोरीत बसून होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

पहाटे म्हणाली, "बांधशील ना रे?"

"पंधरा दिवस, आई."

"हं," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

भूमिपूजन. गुरुजी आले, नारळ फुटला, आईने पाच कुदळी घातल्या आणि दम लागून बसली. जागा तेवढीच आहे, म्हणून जुन्या लाकडी घराचा मागचा अर्धा भाग उतरवावा लागला. आता पुढच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, उघड्या बाजूला पत्रे आणि ताडपत्री. आंत्वानने आकाशाकडे बघून विचारलं, "घर आत्ता उघडायचं, मिसिए? फेब्रुवारीत?" मी म्हटलं, मुहूर्त आजचा आहे.

नवं सिमेंट आलं. महाग पडलं. डबा बराच हलका झाला, पण घर होण्याइतका आहे.

आज मी सुखी असायला हवं.

२६ फेब्रुवारी

चर कमरेइतके खणून झाले आणि पावसाने भरले. काम बंद. रेडिओवर दुसरं वादळ सांगतायत, कारोल. आलिक्सने घ्यायचं ते घेतलं, आता आणखी काय घेणार?

१ मार्च

शाळेत आहोत. बाकांवर माणसं झोपलीत. पेन्सिलीने लिहितोय, वही पोटाशी धरली होती म्हणून राहिली.

घर गेलं. लिहायला दोनच शब्द लागले.

शनिवारी दुपारनंतर वारा वाढला. रात्री ताडपत्री गेली, मग पत्रे गेले. अर्धं घर वाऱ्यापुढे टिकत नाही, ते आतून फुगतं आणि फुटतं. आई खाटेला बांधलेली होती. आम्ही तिच्याभोवती गादी धरून बसलो. मग वारा एकदम थांबला. उजेड आला. लोक रस्त्यावर आले, मीही आलो. म्हटलं, संपलं. आईची दोरी सोडायला लागलो.

ती म्हणाली, "सोडू नको. हे अर्धंच झालंय."

मी ऐकलं नाही. तिला शाळेत न्यायचं होतं, पक्की इमारत तीच एक. मी देवांच्या मागे हात घातला, डबा काढला आणि काखेत मारला. दुसऱ्या हाताने आईला धरलं. कुंतीने निर्मलाला घेतलं. अंगण ओलांडतोय तोच वारा उलट्या दिशेने आला. उभं राहणं शक्य नव्हतं. समोर पायाचा चर होता. त्यात उतरून बसलो.

पाणी छातीपर्यंत. वरून पत्रे जात होते, त्यांचा आवाज यायचा. निर्मला वाहून कुंतीच्या हातातून निसटायला लागली. तेव्हा आईने आपल्या कमरेला लोंबणारी दोरी सोडून पुढे केली. "पोरीला बांध." कुंतीने निर्मलाला स्वतःशी बांधून घेतलं. आईला मी धरलं होतं. एका हाताने. दुसऱ्या हातात डबा होता. कुंती ओरडत होती, मला वाटलं वाऱ्यात ऐकू येत नाही. आलं होतं. ती म्हणत होती, "टाका तो. दोन्ही हातांनी धरा."

टाकला नाही मी.

कितीतरी वेळ असे होतो. आईने वारा ऐकला, पण मातीच्या भिंतींत, गार पाण्यात बसून. आता समोरच्या बाकावर आहे. खोकते आहे. डबा माझ्या उशाशी आहे. आतल्या नोटा कोरड्या आहेत.

७ मार्च

आई गेली. छातीत पाणी झालं होतं.

८ मार्च

लाकडं ओली होती. फार वेळ लागला.

२१ मार्च

तेरावं झालं. कुंतीचा भाऊ यशपाल गुडलँड्सहून आला होता. त्याचं तिथे दुकान आहे, घर तगलं. जाताना कुंती आणि निर्मला त्याच्याबरोबर गेल्या. बसपर्यंत पोचवायला गेलो. निर्मलाच्या हातात एक पिशवी, तिच्यात फ्रॉक आणि ती दोरी. दोरी कशाला नेतेस म्हटलं, तर कुंतीच्या मागे लपली.

कुंती शांतपणे बोलली. रागावली असती तर मीही रागावलो असतो. म्हणाली, "आईंना धरायला एक हात कमी पडला. मी कोणाला सांगणार नाही. पण मला तुमच्याशेजारी झोप येणार नाही. भिंती उभ्या राहिल्या तर बोलवा. नाही तर नका बोलवू."

बस गेली. परत येऊन चराच्या काठावर बसलो.

१० एप्रिल

सापडलेल्या पत्र्यांचं खोपटं केलंय, चराला लागून. काट्यावर काम नाही, ऊस आडवा झालाय. साहेबांनी अर्ध्या पगारावर ठेवलंय, ते तरी बरं. नवं आणलेलं सिमेंट वादळात भिजलं, त्याचेही दगड झाले. आता दारात दगडच दगड. यांचंच घर बांधावं.

आणि डबा. गावात कोणाकडे दमडी नाही आणि माझ्याकडे डबा आहे, हे सगळ्यांना माहीत. लोक येतात, वाकून बसतात, आईची आठवण काढतात, मग गप्प होतात. ती गप्प बसण्याची वेळ मला कळायला लागली आहे. काहींना थोडंथोडं दिलं. काहींना नाही म्हटलं. दोन्ही वेळा सारखंच वाईट वाटलं. आंत्वान मात्र मागायला आला नाही. त्याचंही घर गेलंय. मीच गेलो द्यायला, तर म्हणाला, "काम दे. पैसे नको." काम देऊ शकलो नाही. कोणासाठी बांधू? जिला हवं होतं ती गेली, जी राहणार होती ती निघून गेली. आमची गोष्ट म्हणजे बैल गेला आणि झोपा केला — आणि मी तर झोपाही केला नाही.

११ एप्रिल

मरावंसं वाटतं. लिहून ठेवतो, म्हणजे वाटणं कागदावर राहील.

८ मे

नंदलाल येऊन गेला. त्याने लॉरीचं नावही काढलं नाही. सरकारी मदतीचं सामान वाहणाऱ्या कोणाच्या तरी लॉरीवर ड्रायव्हर झालाय. भात घेऊन आला होता. आम्ही चराच्या काठावर बसून खाल्ला. म्हणाला, "दादा, तेव्हा तू मला पैसे दिले असतेस तरी आई गेलीच असती. तू उगाच सगळं स्वतःवर घेऊ नको."

त्याला चरातलं माहीत नाही. कुंतीने खरंच कोणाला सांगितलेलं नाही.

२ जून

गुडलँड्सला पत्र लिहायला घेतलं. कुंतीला वाचता येत नाही, म्हणजे यशपाल वाचून दाखवणार. यशपालच्या तोंडून मी काय बोलू? फाडलं.

२६ जून, रविवार

देवळाची समिती भरली होती. छप्पर वादळात गेलं, ते पुन्हा घालायचंय, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. कोणीतरी म्हणालं, तुझ्या आईच्या, जमुनाबाईंच्या, नावाची संगमरवरी फरशी बसवू, दारातच, येणारा-जाणारा वाचेल. आईला वाचता येत नव्हतं. पण मला ते बरं वाटलं. पैसा देवाला दिला की हात मोकळे होतात, कोणी विचारत नाही का दिला.

समिती उठल्यावर मी गुरुजींजवळ बसून राहिलो. सहज, जीभ वळवळली म्हणून विचारलं — घराला मुहूर्त कधी? गुरुजींनी नवं पंचांग बघितलं. म्हणाले, "आषाढीला आठ-दहा दिवस राहिलेत रे. त्याच्या आत काही बसत नाही. मग चातुर्मास. आता कार्तिकीनंतरच."

आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो होतो. आकाश कोरडं. गार, स्वच्छ दिवस. असे दिवस आता ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत असतात, लहानपणापासून बघतोय. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. चातुर्मासात बांधू नये, कारण चातुर्मासात पाऊस असतो. कोकणात. तिथे पाया खणला तर पाण्याने भरणार, म्हणून देव झोपवले कोणीतरी शहाण्या माणसाने. आमचे आजे-पणजे बोटीतून आले तेव्हा तो नियम गाठोड्यात बांधून घेऊन आले. पाऊस तिकडेच राहिला. आणि आम्ही कोरडे दिवस हात जोडून बसतो, आणि माघ-फाल्गुनात, जेव्हा इथे समुद्र उठतो, तेव्हा छप्पर काढतो. तेही नारळ फोडून.

गुरुजींना बोलून दाखवलं. रागाने नाही, राग उरलाच नव्हता. त्यांनी पंचांगाची पानं सारखी केली. मग म्हणाले, "माझ्या बापानेही हेच सांगितलं असतं, गोवर्धन. आणि त्याच्या बापानेही. आम्ही कोणी वर बघितलं नाही." त्यांचंही घर पडलंय. तेही कार्तिकीची वाट बघतायत.

कुंतीने वर बघितलं होतं. रताळी सोलता सोलता बघितलं होतं. मी तिच्यावर ओरडलो होतो.

कळून आता उपयोग काय? शहाणपण आलं ते तेराव्यानंतर.

३ जुलै, रविवार

ठरलं. डबा देवळाला. आषाढीला सकाळी समितीच्या हातात देणार. फरशीवर आईचं नाव. माझं नाव नको म्हटलंय.

मग काय? अर्धा पगार, खोपटं. एकट्या माणसाला लागतं किती. जागा नंदलालच्या नावावर करीन. चर बुजवून टाकीन, रोज दिसतो.

वर्षांमागून वर्षं काहीच ठरवता आलं नाही, आज एका बैठकीत सगळं ठरलं. ठरवल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला नुसतं रिकामं वाटतंय.

५ जुलै १९६०, आषाढी एकादशी

डबा काखेत घेऊन देवळाकडे निघालो. वळणावर लॉरी आडवी आली. नंदलाल चालवत होता, शेजारी कुंती, मधे निर्मला. मागे सिमेंट. गोणीवर हात ठेवला, मऊ लागली. कुंतीच्या हातात लग्नातल्या सोन्याच्या पाटल्या नव्हत्या, नुसता हिरवा चुडा.

खाली उतरून म्हणाली, "पोर रोज पायाला दोरी बांधून झोपते. वारा नसला तरी. सोडायला गेलं की किंचाळते. डबा कुठे घेऊन चाललात?"

डबा तिच्या हातात दिला. दोन्ही हातांनी.

आंत्वानला निरोप धाडला. तो येईपर्यंत मी चरात उतरून गाळ काढला. तो आला तेव्हा ओळ धरायला त्याच्याकडे सूत नव्हतं, वादळात सगळं सामान गेलेलं. निर्मला बराच वेळ बघत उभी होती. मग तिने पिशवीतून दोरी काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.